गोजराबाई राणीसाहेबांनी दरबारी बिछायत घातली आणि उचलविली, ते वर्तमान

विघ्न वारणारा श्रीगणेश, शब्द देणारी शारदा आणि पायांस ठाव देणारी धरित्री, या तिघांस दंडवत घालून, आणि ऐकणारांचे चित्त निवांत असो ऐसी विनंती करून, जे घडले ते लिहिले जाते. शके सोळाशे पंचेचाळीस, शोभकृत नाम संवत्सर, कार्तिक मास, डोंगरावर धुके उतरू लागले ते समय. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. ज्यांस ठाऊक त्यांस ठाऊक, आणि ज्यांस ठाऊक नाही त्यांनी डोळे मिटून डोंगरातले कोणतेही एक राज्य मनात आणावे, तेच ते.

त्या राज्यावर रायाजीराजे राज्य करीत. राजे न्यायी, मृदू बोलणारे, थट्टेखोर, आणि भरल्या वांग्यांचे बहुत शौकीन. परंतु लहानपणी देवी आल्या त्यांत दोन्ही डोळे गेले. डोळे गेले म्हणोन राज्य अडले नाही. दरबारची फरसबंदी काळ्या दगडाची, तिजवर कोणी पाऊल टाकिले की महाराज मान किंचित कलती करीत आणि म्हणत, "या दादजी," की सेनापती दादजी वाघमोडेच आले असत. आणि म्हणत, "त्रिमळपंत, आज पोट बरे नाही काय," की कारभारी त्रिमळपंत पोट धरूनच उभे असत. यावरून रिवाज पडला तो ऐसा की, दरबारी येणाराने जोडे, तोडे, पैंजण सर्व उंबऱ्याबाहेर उतरावे, अनवाणी आत यावे, चोपदाराने ललकारी देऊ नये आणि येणाराने तोंडातून अक्षर काढू नये. महाराजांनी पाऊल ओळखून नाव घेतले म्हणजे तो रुजू जाहला, मग बोलावे. आणि महाराज ज्या नावाने हाक मारतील ते त्या माणसाचे नाव सूर्य मावळेतोवर, यात फेरफार नाही. हे शेवटचे कलम कोणत्या शहाण्याने घातले ते कळत नाही. परंतु महाराज कधी चुकतच नव्हते, म्हणोन त्या कलमाचा उपद्रव कोणास जाहला नव्हता.

महाराजांच्या राणी गोजराबाईसाहेब. माहेर घाटाखालचे, स्वभाव हौशी, मनात आले ते तडीस नेणार आणि तडीस गेल्यावर मग विचार करणार. महाराजांवर त्यांची माया किती ते लिहू जाता शाई पुरणार नाही. बाईसाहेब दरबारी आल्या म्हणजे महाराज त्यांचे नाव घेत नसत, बायकोचे नाव चारचौघांत कोण घेतो? नुसते "या" म्हणत. आणि त्या एका "या" खातर बाईसाहेब काही ना काही निमित्त काढून नित्य दरबारी येत; कधी म्हणत पानाचा डबा विसरला, कधी म्हणत वारा फार आहे, आणि पानाचा डबा तर महाराजांच्या उशाशीच असे.

त्या हिवाळ्यात महाराजांच्या पायांनी वैर मांडिले. दगडाचा गारठा टाचांतून चढे, घोटे सुजत, आणि गादीवरून उठताना महाराज हसून काही बोलत ते कळ लपवावयास बोलत, हे बाईसाहेबांवाचून कोणास कळत नसे. मग वैद्य केशंभट यांस बोलाविले. केशंभटांनी पाय चेपून पाहिले, तेल लाविले, आणि हात जोडून अर्ज केला की, "महाराज, हे पाय आणखी एक हिवाळा उघड्या दगडावर राहिले, तर पुढला हिवाळा स्वारींनी पालखीतून पाहावा लागेल." महाराज म्हणाले, "पाहत तर आम्ही आताही नाही, केशंभट." सर्व हसले, आणि बाईसाहेब मात्र हसल्या नाहीत. त्या पुढे होऊन बोलिल्या, "दरबारास बिछायत घालावी. आम्ही निवडतो." महाराज म्हणाले, "आपण निवडाल ती आम्हांस गोड," आणि ते मनापासून म्हणाले.

मग फरासखान्याचे दरोगे हैबतमियां यांस हुकूम गेला आणि त्यांनी चौकात उन्हाला जितके म्हणोन प्रकार होते तितके पसरले, आणि देशोदेशींचे सौदागर आपापले गठ्ठे घेऊन आले, आणि चौक ऐसा दिसू लागला की जणू बागच आडवी निजली आहे. प्रथम रेशमाचा गालिचा आणिला. त्याची झळाळी पाहून मंडळी वाहवा करू लागली; परंतु महाराजांनी पहिले पाऊल ठेविले तेच घसरले आणि ते थेट हैबतमियांच्या गळ्यात पडले, आणि हैबतमियांनी तशाच स्थितीत "मेहेरबानी" म्हणोन मुजरा केला. रेशीम गुंडाळिले. मग तागाचा आणिला. रंग पिकल्या गव्हाचा, किंमत थोडी, परंतु डोंगरावरचे धुके त्यात शिरले आणि दुपारपर्यंत त्यास ओल्या पोत्याचा वास सुटला. मग सुताची सतरंजी. धुवावयास सोपी, घडी घालावयास सोपी, उन्हाळ्यात उत्तम, परंतु खालचा गारठा तीतून चाळणीतून पीठ पडावे तैसा वर येई. मग रंगावरून वाद जाहला. कारभारी त्रिमळपंत म्हणाले गर्द रंग घ्यावा, डाग दिसत नाहीत, सेनापती म्हणाले डाळिंबी घ्यावा, वीरश्री दिसते, कोणी म्हणाले वेलबुट्टी नको, दालन लहान भासते, आणि हा वाद सारी दुपार महाराजांसमक्ष चालला, तेव्हा महाराज म्हणाले, "आम्हांस सर्व रंग सारखेच मानवतात, उगीच भांडू नका."

शेवटी लोकर आली. डोंगरी मेंढ्यांची, दाट, वरची लव कातरलेली, इतकी की पाय घोट्यापर्यंत बुडावा. बाईसाहेबांनी तळहात फिरविला, मग कोणाची भीड न धरता गुडघे टेकून तिजवर गाल ठेविला आणि क्षणभर डोळे मिटिले, आणि उठल्या तेव्हा निवड जाहली होती. महाराजांनी तिजवर चार पावले टाकिली आणि त्यांच्या तोंडून ऐसा सुखाचा सुस्कारा निघाला की पुढे कोणास काही विचारावयाचे सुचले नाही. महाराज कसे चालतात ते सर्वांनी पाहिले. महाराजांपुढे दुसऱ्या कोणी चालून दाखवावे, हे एवढ्या मंडळीत एकाच्याही डोक्यात आले नाही. बाईसाहेबांनी हुकूम केला की, दरबारात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घाला, तीळभर दगड दिसता कामा नये, आणि दरबार पुरा जाहला की दालने घाला, आणि दालने पुरी जाहली की जिने घाला.

त्याप्रमाणे घातली आणि राजवाड्यास एक नवी शांतता आली. प्रथम ती सर्वांस आवडली. दारे मिटत ती आवाज न करता मिटत, भांडे पडे ते उशीवर पडल्यासारखे पडे, मुले धावत गेली तर नुसता वारा गेल्याचा भास होई. पिंजऱ्यातले पोपट आपलाच आवाज आपणांस मोठा वाटू लागल्याने हळू बोलू लागले, मग बोलेनासे जाहले. घटका मोजणारा घटकापात्रापाशी पेंगू लागला, टोल द्यावयाचे विसरू लागला, आणि राज्यात सकाळ केव्हा सरली आणि सांज केव्हा जाहली हे नक्की कोणास सांगता येईना; सारा वेळ जेवणानंतरचाच वाटे. माणसे एकमेकांच्या पाठीशी येऊन उभी राहत आणि दोघेही दचकत. पाय मात्र उबेत होते. महाराजांचे घोटे उतरले, टाचा मऊ पडल्या, केशंभटांस मानाची शाल मिळाली, आणि बाईसाहेब दालनांमागून दालने घालण्यात गुंतल्या, त्यामुळे त्यांचे दरबारी येणे राहिले.

आणि मग दरबारात ते वर्तमान जाहले. सेनापती दादजी सकाळी रुजू होण्यास आले. महाराजांनी मान कलती केली, थोडी अधिक कलती केली, आणि बहुत वेळाने बोलिले, "या गोपाळभट." गोपाळभट हे मुदपाकखान्याचे मुख्य आचारी. महाराज चुकले म्हणावे तर जीभ धजेना, आणि रिवाज तर उघड होता. मग सेनापतींनी मुजरा केला, तलवार काढून चोपदारापाशी दिली, मुदपाकखान्यात गेले आणि सायंकाळपर्यंत वांगी चिरीत बसले. त्यांच्यामागून खरे गोपाळभट जेवणाचा बेत विचारावयास आले, ते "या दादजी" जाहले आणि घोडदळाची पाहणी करावयास गेले. घोड्यांनी त्यांच्या हातास तुपाचा वास आला म्हणोन त्यांस बहुत प्रेमाने चाटले. त्रिमळपंत कारभारी गवयी जाहले आणि त्यांनी एक भूपाळी म्हटली, ती चौकातल्या मंडळीस संपेतोवर ऐकावी लागली. सूर्य मावळला की ज्याचे नाव त्यास परत मिळे, आणि दुसऱ्या दिवशी नवे नाव. होता होता माणसे सकाळी उठून आरशात पाहत आणि आज आपण कोण होणार याचा विचार करीत. कोणी हौसेने करीत, कोणी धास्तीने. बायका नवऱ्यास विचारीत, "आज कोण होऊन येणार, तेवढे सांगून जा, त्या बेताने स्वयंपाक करते." आणि महाराजांस हे कोणी सांगितले नाही. सांगणाराने काय सांगावे? महाराजांचा शब्द खरा करण्यात सारे राज्य इतके गुंतले होते की तो खोटा पडत आहे हे सांगावयास मोकळा माणूस उरला नव्हता.

बाईसाहेबांच्या कानी हे गेले तेव्हा त्या प्रथम पोट धरून हसल्या. दादजींनी चिरलेली वांगी त्यांनी मुद्दाम मागवून पाहिली. काप एकसारखे होते. मग त्यांच्या मनात आले की बहुत दिवसांत आपण दरबारी गेलो नाही आणि बहुत दिवसांत "या" ऐकले नाही, आणि हसू तेथेच राहिले. त्यांनी पैंजण उंबऱ्याशी उतरविले आणि त्या आत गेल्या. लोकरीत पाय बुडाले. एक पाऊल, दुसरे पाऊल, आणि त्यांस वाटले की आपण स्वप्नात चालतो आहो, चालतो आहो आणि जागा सरत नाही. महाराजांनी मान कलती केली. महाराजांचा चेहरा कधी पाहिला नव्हता ऐसा जाहला, घाटात वाट चुकलेल्या माणसाचा होतो तैसा. मग ते हसले आणि मोठ्या मायेने बोलिले, "कोणी परकी बाई आली आहे. बाई, भिऊ नका. आमच्या राज्यात परक्यास आसरा आहे. यांस धर्मशाळेत उतरवा आणि पोटभर जेवू घाला."

बाईसाहेबांनी एक शब्द काढिला असता तर सर्व तेथेच मिटले असते, परंतु शब्द फुटेना. महाराजांचा आवाज मायेचा होता आणि ती माया परकीस होती. आपली म्हणोन जी कधीच कोणास वाटून दिली नव्हती ती अशी सहज वाटली जात होती. त्रिमळपंतांनी डोळ्यांतले पाणी पागोट्याच्या टोकाने टिपले. त्या दिवशी ते न्हावी होते. आणि बाईसाहेबांनी मुजरा केला, पैंजण हाती घेतले आणि त्या चालत धर्मशाळेस गेल्या.

धर्मशाळा वेशीपाशी. तिची राखण धोंडाई नावाची म्हातारी करी, अंगाने किरकोळ, तोंडाने फटकळ. तिने बाईसाहेबांस दारात पाहिले आणि ओळखिले, आणि वर्दी तर आधीच येऊन पोचली होती. धोंडाई म्हणाली, "या म्हनावं का ये म्हनावं?" बाईसाहेब म्हणाल्या, "ये म्हण. आज आम्ही परक्या." धोंडाई म्हणाली, "मंग परक्यावानीच ऱ्हावं लागंल. न्हाई तर राजाचा शबूद खोटा पडायचा, आन माझ्या कपाळी पाप. भाकरी हाय, झुणका हाय. घोंगडं त्या कोपऱ्यात. जेवलं की आपलं ताट आपन घासायचं." बाईसाहेब जेवल्या, त्यांनी ताट घासले, ते धोंडाईने उजेडात धरून पाहिले आणि पुन्हा घासावयास दिले. मग ती म्हणाली, "कंच्या गावची गं तू?" बाईसाहेबांस प्रथम वाटले ही थट्टा करते, परंतु म्हातारीचे तोंड गंभीर होते, ती परकीस विचारावयाचे तेच विचारीत होती. बाईसाहेब म्हणाल्या, "गाव होते. आज सापडत नाही." धोंडाई म्हणाली, "व्हतं आसं कुनाकुनाचं. पड जरा."

बाईसाहेब घोंगड्यावर आडव्या जाहल्या. दुपारचे ऊन दारातून आत येऊन बसले होते. धर्मशाळेत उंबऱ्यापासून पडवीपर्यंत काथ्याच्या चटया टाकिल्या होत्या, खरखरीत, पिवळ्या पडलेल्या, येणाराजाणाराच्या चिखलाच्या पायांसाठी. बाईसाहेबांनी डोळे मिटिले. झोप लागली म्हणावी तर नाही, आणि जाग म्हणावी तर तीही नाही, ऐशा त्या अवस्थेत त्यांच्या कानी काथ्या बोलू लागला. धोंडाई गेली, ती चर्र करीत एक पाय ओढीत गेली. कोणी बकरीवाली आली, हलकी आणि घाईची. कोणी दोघे बरोबर आले, त्यांतला एक दुसऱ्यासाठी पाऊल आखडीत होता. आणि मग एक पाऊल वाजले, टाच आधी, भार सारा टाचेवर, आणि मध्ये थोडे थांबून पुन्हा टाच. आणि बाईसाहेबांच्या मनात न विचारता आले, हे तर दादजी. त्यांनी डोळे उघडिले. दारात सेनापती दादजी वाघमोडे डोक्यावर भोपळ्यांची पाटी घेऊन उभे होते, आज पुन्हा गोपाळभट जाहले होते आणि धर्मशाळेचा शिधा घेऊन आले होते.

बाईसाहेब उठून बसल्या. "दादजी, परत जा," त्या म्हणाल्या, "उंबऱ्याबाहेर जा आणि पुन्हा या." दादजी बोलिले, "बाईसाहेब, भोपळे जड आहेत." "भोपळ्यांसकट या." ते पुन्हा आले, आणि पुन्हा आले, आणि बाईसाहेब डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत राहिले. कारण त्यांस कळले की इतकी वर्षे ज्या माणसाच्या शेजारी आपण बसलो त्याच्या जगात आपण आज पहिल्याने पाऊल टाकिले. तेथे चेहरे नव्हते, रंग नव्हते, नुसती चाल होती, आणि ते सारे जग आपण उचलून लोकरीखाली पुरले, ते प्रेमाने पुरले, भिंतीपासून भिंतीपर्यंत. धोंडाई म्हणाली, "परक्या बाईनं रडावं, त्याला मनाई न्हाई. पन भोपळं हितं ठिवा, वाटंत नगं."

सूर्य मावळला आणि नाव परत मिळाले, तेव्हा बाईसाहेब तडक महाराजांच्या दालनी गेल्या. दिवे नुकते लागले होते. महाराज खिडकीशी बसले होते आणि बाहेर रातकिडे बोलत होते ते ऐकत होते. बाईसाहेब आत आल्या ते त्यांस कळले नाही. मग त्यांनीच हाक दिली, "आम्ही आहो." महाराज दचकले आणि त्यांचा चेहरा उजळला. "बहुत दिवसांत दरबारी आला नाहीत," ते म्हणाले. "आले होते, आज." महाराजांची मान कलती जाहली. मग म्हणाले, "आज? आज तर..." आणि थांबले, आणि त्यांचे हात गादीवर काही शोधू लागले. "आम्ही काय म्हणालो?" बाईसाहेब जवळ जाऊन बसल्या. "गोजरा, आम्ही काय म्हणालो?" नाव घेतले ते पहिल्याने घेतले. बाईसाहेब म्हणाल्या, "परकी म्हणालात. जेवू घाला म्हणालात. जेवण बरे होते." आणि त्यांस हसावयाचे होते, परंतु ते हसणे निघाले नाही.

मग महाराज हळू बोलिले, "आम्ही अदमासाने नावे घेत होतो. पाऊल येईना, आणि नाव घेतले की जो तो बोलण्याआधीच मुजरा करून निघून जाई, आवाजही मिळेना. वाटले, कानही जातात काय, डोळ्यांमागून. कोणास विचारावे? विचारिले तर राजा बहिरा जाहला म्हणोन बोभाटा. आणि बिछायत तर आपण घातलेली, पाय तर खरोखर बरे जाहले. मनात आले, आपण एवढ्या हौसेने घातली तीस नावे कशी ठेवू?" बाईसाहेब म्हणाल्या, "कान शाबूत आहेत. आम्हीच त्यांत लोकर घातली." आणि त्यांनी दादजींची वांगी, गोपाळभटांचे घोडे आणि त्रिमळपंतांची भूपाळी, सर्व इत्थंभूत सांगितले. महाराज प्रथम शरमले, मग भूपाळीपाशी हसू लागले, आणि हसता हसता त्यांनी बाईसाहेबांचा हात धरिला आणि कपाळास लाविला.

दुसऱ्या दिवसापासून बिछायत उचलू लागले, आणि बाईसाहेबांनी हुकूम केला की तिच्या जागी धर्मशाळेसारखा काथ्या घाला. त्रिमळपंत आता कारभारी होते आणि त्यांनी कारभाऱ्यास शोभेल ऐसी हरकत घेतली की, "परराज्याचे वकील येतील. दरबारात काथ्या पाहून म्हणतील, हा दरबार की तबेला?" बाईसाहेब म्हणाल्या, "त्यांस डोळे आहेत, ते भिंतींवरची चित्रे पाहतील. खाली महाराजांस ऐकू द्या." केशंभटांनी हरकत घेतली की काथ्या टाचांस टोचेल. ती हरकत खरी होती, आणि तेथे काही दिवस सर्व घोडे अडले. महाराजांचे पाय राखावे तर कान जातात, कान राखावे तर पाय जातात. मग बाईसाहेबांनी आपल्या डोळ्यांवर पदर बांधिला आणि महाराजांच्या शेजारी बसून सर्व प्रकार पुन्हा मागविले, आणि या वेळी कोणी तळहात फिरविला नाही. एकेक तुकडा अंथरून त्यावरून माणसे चालविली. पाहता पाहता कळले की सारे दालन एकाच धाग्याने झाकावे हा हट्टच खोटा. येणाराची वाट निराळी, बसणाराची जागा निराळी. लव कातरलेली लोकर पाऊल गिळते. परंतु जीत लोकरीचे वेढे न कातरता तसेच आखूड आणि घट्ट राखिले, ती ऊब देते आणि पायाखाली दबतही नाही. वाटेवर काथ्या आणि बसण्यास ही लोकर मांडून पाहिली, तेव्हा दोघेही एकाच वेळी म्हणाले, "हे," आणि बाईसाहेबांनी पदर सोडिला.

नवा दरबार भरला त्या दिवशी बाईसाहेब शेवटी आल्या. त्यांच्याआधी दादजी आले आणि दादजीच जाहले, आणि त्यांनी मिशीस पीळ भरिला. गोपाळभट गोपाळभट जाहले आणि घोड्यांची आठवण येते म्हणाले. महाराज दोघा भावांचा विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा तंटा ऐकत होते. बाईसाहेबांनी पैंजण उतरविले आणि काथ्यावर पाऊल ठेविले. चर्र जाहले. त्यांनी दुसरे पाऊल टाकिले, तिसरे टाकिले, आणि थांबल्या. महाराजांनी मान कलती केली नाही. "या" म्हणाले नाहीत. ते धाकट्या भावास सांगत होते की, सकाळचे पाणी तुझे, परंतु थोरल्याची गाय नुकती व्याली आहे, तिचे पिणे त्यात धरावे. दरबारी एकमेकांकडे पाहू लागले. त्रिमळपंतांनी पुन्हा पागोट्याचे टोक हाती घेतले. बाईसाहेबांच्या मनात आले, गेले, सर्व गेले, मी नुसती टाच घासणारी कोणी बाई. आणि इतक्यात महाराज, वाक्य न तोडता, तंटा न सोडता, गादीवर डावीकडे थोडे सरकले, पसरलेला शेला गोळा करून मांडीवर घेतला, आणि मोकळ्या जाहलेल्या जागेवरची सुरकुती तळहाताने सारखी केली. धाकटा भाऊ काही विचारीत होता त्यास ते म्हणाले, "हो, हो, गाय धरूनच." बाईसाहेब चालत गेल्या आणि तेथे बसल्या.

येणेप्रमाणे उंबऱ्यापासून गादीच्या पायरीपर्यंत काथ्या, गादीभोवती आणि महाराजांच्या निजण्याच्या दालनी न कातरलेली लोकर, उन्हाळ्यास सुताची सतरंजी, आणि रेशीम हैबतमियांच्या हवाली, ऐसी बिछायत ठरली. पोपट बोलू लागले, महाराज आपल्या पायांनी चालत राहिले, आणि ज्याचे नाव त्यासच राहिले. बाईसाहेब पुढे पानाच्या डब्याचे निमित्त न काढिता येत, आणि जागा तयार असे. इतके वर्तमान जाहले, ते लिहिले.